तुम्ही विचारलंत म्हणून: लॉकडाऊनमुळेच उशीर झाला ना?

आईच्या कॅन्सरचं निदान जून २०२० मध्ये झालं असं सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, "मग लॉकडाऊनमुळेच उशीर झाला असेल ना?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. 'हो' म्हटलं की विषय मिटतो. मीही बरेच दिवस 'हो'च म्हणायचो. आता मात्र जरा लांबड लावतो.

त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही आणि त्याच सकाळी अंघोळ करताना आईच्या हाताला छातीतली गाठ लागली. हा विनोद तिचाच, पुढे केमोच्या खुर्चीत बसून केलेला. तेव्हा मात्र ती कोणाला काही बोलली नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमची पुण्यातली पेठ सील झाली, गल्लीच्या तोंडाला पत्रे आणि बांबू लागले. मे महिन्यात एकदा तिने विचारलं, "ते मॅमोग्राफीचं सेंटर चालू असेल का रे?" मी ऑफिसच्या कॉलवर होतो. "बंदच असणार गं सगळं," म्हणालो. कशाला हवंय, हे विचारलं नाही. फोन लावून पाहिला नाही.

ते सेंटर एप्रिलअखेरपासून रोज सकाळी चालू होतं. घरापासून चालत वीस मिनिटं. दवाखान्याचं कारण सांगितलं की पोलीस सोडतही होते.

देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांची आकडेवारी पुढे २०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आली. मार्च ते मे २०२० मध्ये, आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांच्या मानाने, नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती. रेडिएशन घेणारे मात्र २३ टक्क्यांनीच कमी झाले. मी त्याचा अर्थ असा लावतो, की ज्यांचे उपचार सुरू होते ते कसेबसे टिकून राहिले आणि जे अजून दारापर्यंत पोचलेच नव्हते ते घरीच राहिले. नगरहून, साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांना एसटीच नव्हती. त्यांना हा प्रश्न विचारलात तर 'हो' हे उत्तर शंभर टक्के खरं आहे. आमचं तसं नाही.

आईने जूनमध्ये सांगितलं तोवर गाठ काखेत पोचली होती. म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलं. पहिल्या केमोनंतर दहाव्या दिवशी, जुलैतल्या त्या दहा दिवसांच्या कडक लॉकडाऊनमध्ये, रात्री तिला १०१ ताप भरला. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, ताप १००.४ च्या वर गेला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालंच पाहिजे. पण हॉस्पिटलच्या गेटवर कपाळाला बंदूक लावून ताप बघणाऱ्याने आम्हाला सरळ तापाच्या रांगेत पाठवलं. तिथला नियम वेगळा. आधी स्वॅब, रिपोर्ट उद्या, तोवर इकडेच बसा. मी फाइल दाखवत होतो, पण फाइलला हात लावायला कोणी तयार नव्हतं. शेजारी खोकणारी माणसं, आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत दोन मास्क लावून बसलेली माझी आई. तीन तासांनी पीपीई किटमधल्या एका निवासी डॉक्टर मुलीने फाइल उघडली आणि रिपोर्टची वाट न बघता त्या खुर्चीतच सलाईन लावलं. पांढऱ्या पेशींचे काउंट चारशेवर आले होते. स्वॅब निगेटिव्ह.

त्या गेटवरच्या माणसावर मी बरेच दिवस चिडून होतो. त्याला ताप म्हणजे कोरोनाच दिसला. पण मेमध्ये मी तरी वेगळं काय केलं होतं?

दहा आठवडे आधी आलो असतो तर, हे मी डॉक्टरांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, कदाचित काखेत गेला नसता, कदाचित पाडव्यालाच गेलेला असेल. आता कोण सांगणार? निदानानंतर उपचार चार आठवडे लांबले की जिवाचा धोका किती वाढतो याचे अभ्यास आहेत, ते मी वाचलेत. आमचा उशीर निदानाच्या आधीचा, त्यामुळे ते आकडे आम्हाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी रात्री मी ते लावून बघतोच.

आई आता बरी आहे, रोज एक गोळी घेते. परवा जिन्यात शेजारच्या काकूंनी तिलाच विचारलं. "हो ना हो, लॉकडाऊन होता ना तेव्हा," ती म्हणाली. मी मागेच भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.