वेलंकनीची वाळूची वाट आणि ‘चारशे वर्षांचं’ चर्च

आमच्या वसईतून दरवर्षी कितीतरी माणसं तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वेलंकनीला, आरोग्यमातेच्या म्हणजे मारियामातेच्या यात्रेला जातात. निघण्याआधी त्यांतल्या तिघांना विचारलं, तर तिघांनीही दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. पहिली, चर्च पोर्तुगीजांच्या हातचं आहे, चारशे वर्षांपूर्वीचं. दुसरी, नवसाची गुडघ्यांवर जायची वाट ‘इथून तिथपर्यंत’, म्हणजे अगदी जेमतेम आहे. दोन्ही चुकीच्या निघाल्या. दुसरीमुळे आईचे गुडघे आठवडाभर सुजलेले होते, म्हणून आधी तीच सांगते.

बॅसिलिकेपासून (पोपनी खास मान दिलेलं हे मुख्य चर्च) माता कुळमपर्यंत, म्हणजे मातेच्या तळ्यापर्यंत, मधोमध वाळूचा पट्टा आहे. नवस बोललेले लोक त्यावरून गुडघ्यांवर जातात आणि कडेने क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थानं लागतात. अंतर मी मोजलं नाही, पण अर्ध्या किलोमीटरच्या आत ते नक्कीच नाही. आम्ही मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून साडेअकराला सुरुवात केली. तिसऱ्या स्थानापाशी आई थांबली. वाळू भाजत होती, आणि ती किनाऱ्यावरच्यासारखी मऊही नव्हती. बारीक खडे साडीतून टोचत होते. पुढे दर स्थानाला थांबत थांबत आम्ही सव्वा तासाने तळ्याशी पोचलो. आईने नवस पुरा केला, मधे एकदाही उठली नाही. मी तिच्याशेजारून छत्री धरून चालत होते आणि मनात त्या तिघांवर चिडत होते.

ज्यांना हा नवस फेडायचा आहे त्यांनी पहाटे, उजाडायच्या आत सुरुवात करावी. सकाळी आठनंतर नाही. गुडघ्यांना जाड सुती कापडाच्या दोन-तीन घड्या घट्ट बांधा. आम्ही नेलेली तयार नी-कॅप दहा मिनिटांत घसरली. सोबत एक माणूस फक्त पाण्यासाठी हवा. साठीच्या पुढच्यांनी शेवटची काही स्थानं तेवढी गुडघ्यांवर करावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. आईला ते पटलेलं नाही.

तळ्याचं महत्त्व कळल्याशिवाय तिथे पोचण्यात अर्थ नाही. परंपरा अशी की सोळाव्या शतकात एक मेंढपाळ पोरगा जवळच्या नागपट्टिणमला मालकाकडे दूध घेऊन निघाला होता. तो या तळ्याकाठी विसावला, तेव्हा कडेवर बाळ घेतलेल्या एका स्त्रीने त्याच्याकडे बाळासाठी दूध मागितलं. त्याने दिलं, पुढे मालकाकडे पोचून पाहतो तर भांडं काठोकाठ भरलेलं. ती मारियामाताच, असं मानतात. तिचं दुसरं दर्शन इथल्याच नडु तिट्टू या जागी ताक विकणाऱ्या पांगळ्या मुलाला झालं आणि तो उठून चालू लागला. त्यानंतर तिथे गवताने शाकारलेलं पहिलं छोटं देऊळ उभं राहिलं. आरोग्यमाता हे नाव इथलं, तमिळमध्ये आरोक्किय माता.

पोर्तुगीज येतात ते तिसऱ्या कथेत. सतराव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावहून सिलोनकडे (आजच्या श्रीलंकेकडे) जाणारं त्यांचं गलबत वादळात सापडलं. खलाशांनी मातेला नवस केला आणि ते या किनाऱ्याला लागले तो दिवस 8 सप्टेंबर, मारियामातेच्या जन्माचा सण. त्यांनी गवताच्या जागी पक्कं लहान चॅपल बांधलं, आणि पुढच्या खेपांना येताना चिनी मातीची ताटं आणली. पोर्तुगीजांचा हात शोधायला गेलात तर तो या ताटांत सापडतो. ती वेदीवर मातेच्या मूर्तीभोवती बसवली आहेत. गर्दीतून ती दिसत नाहीत. मला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, लोक जेवायला गेल्यावर दिसली. निळी-पांढरी नक्षी बघून मला रडू आलं. ज्यांनी समुद्रावर जीव मुठीत धरला होता त्यांच्याच हातची ती भेट.

बाकी सगळी इमारत पुष्कळ नंतरची आहे. वेलंकनी नागपट्टिणमपासून वेगळी होऊन स्वतंत्र पॅरिश (धर्मग्राम) झाली 1771 साली. मूर्तीच्या जागी काटकोनात येऊन मिळणारे दोन बाजूंचे पंख 1933 मधले आहेत. बॅसिलिकेचा मान पोप जॉन तेविसावे यांनी 1962 मध्ये दिला. आणि मागचा दुमजली भाग, जो बहुतेक लोक ‘जुनं चर्च’ म्हणून फोटोत दाखवतात, तो 1970 च्या दशकातला. तो फ्रान्समधल्या लूर्दच्या धर्तीवर आहे. तिथेही असंच चर्चवर चर्च आहे.

शैली गॉथिक: टोकदार कमानी, आकाशात घुसणारे सुळके, लाल कौलं आणि बाकी सगळं पांढरंशुभ्र. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चेस पाहून वाढलेल्या माणसाला इथे चुकल्यासारखं होतं. आपल्याकडे दगड दिसतो, सांधा दिसतो, कुठला थर कधीचा ते बोटाने दाखवता येतं. इथे रंगाखाली सगळं एकाच वयाचं वाटतं. वास्तू बघायची असेल तर पूर्वेच्या, समुद्राकडच्या दाराने आत जा, मूर्तीपर्यंत या, मग पंखांत वळा, आणि शेवटी बाहेरून फिरून मागचा भाग बघा. या क्रमाने गेलं की देऊळ कसं वाढत गेलं ते पायांना कळतं. मागून सुरुवात केली तर काहीच कळत नाही.

आता पैशांचं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कारैकालला आठवड्यातून एकदा गाडी आहे, ती नागपट्टिणमला थांबते. आम्हाला तिचं तिकीट मिळालं नाही, म्हणून चेन्नईमार्गे गेलो. नागपट्टिणम ते वेलंकनी जेमतेम बारा किलोमीटर. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने सातशे मागितले, आणि दोन रात्रींची झोप नसल्याने मी पाचशेला हो म्हटलं. तसं करू नका. बस स्टँडवरून सरकारी बस सारख्या सुटतात आणि अगदी थोडक्यात पोचवतात. 2010 पासून वेलंकनीपर्यंत रेल्वेही आहे, पण गाड्या मोजक्याच. वेळ जुळली तरच. खोलीसाठी दलालाच्या मागे जाऊ नका. देवस्थानाच्या खोल्यांची चौकशी आधी करा; आम्ही केली नाही आणि कोंदट खोलीला दुप्पट पैसे मोजले.

29 ऑगस्टला सणाचा झेंडा चढतो तिथपासून 8 सप्टेंबरपर्यंत लाखोंची गर्दी असते, भगवी वस्त्रं घातलेले लोक चेन्नईपासून पायी येतात. भक्तीसाठी तेच दिवस. वास्तूसाठी अजिबात नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळं. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये गज चक्रीवादळ इथून जवळच वेदारण्यमच्या बाजूला धडकलं. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

समुद्रावर जाल तर क्षणभर थांबा. 26 डिसेंबर 2004, नाताळनंतरचा रविवार. सुनामीत या वाळूवर आणि मागच्या दुकानांत शेकडो यात्रेकरू गेले. आईने तिथे एक मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली, पुन्हा लावली.

 

परतीच्या बससाठी पहाटे पाचला स्टँडवर गेलो तर वाटेतल्या वाळूवर माणसं गुडघ्यांवर निघालेली होती, गार वाळूत, हातात टॉर्च. हीच वेळ धरा.