पखवाजाची थाप अखेर सलग

आमच्या वाडीतून 4जीवर लाइव्ह पाठवलेलं काल रात्रीचं कीर्तन मुंबईकर मंडळींनी एकही थाप न गळता ऐकलं. सप्ताहाचे पहिले चार दिवस दर 2 सेकंदांनी पखवाज तुटत होता आणि मागच्या नोंदीत मी सगळा दोष मोबाइल टॉवरवर टाकला होता. तो मागे घेतो.

रात्री नऊनंतर आमच्या वाडीत 4जीचा अपलोड 1.5 एमबीपीएसवर येतो. राउटरवरच्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत केक (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग आणि वेग सांभाळणारा भाग) सेकंदाला 1350 केबिटवर बांधला होता, त्यात व्हिडिओ 1000, आवाज 96. बेरीज बरोबर, तरी तुटतच होतं. पाचव्या दिवशी दुपारी वायरशार्क या पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दर 100 मिलिसेकंदांचा आलेख काढला आणि कारण डोळ्यांसमोर आलं: कंगव्याच्या दातांसारखे सुळके, बरोबर 2-2 सेकंदांवर. कीफ्रेम, म्हणजे व्हिडिओत ठरावीक अंतराने येणारं पूर्ण चित्र!

25 एफपीएसला (सेकंदाला 25 फ्रेम) सरासरी फ्रेम 5 केबीची, पण मंडपातल्या लायटिंगच्या माळा आणि फुलांमुळे कीफ्रेम 70 केबीपर्यंत जायची. म्हणजे पन्नासेक पॅकेट एकदम, ती 1350 मधून निघायला 400 मिलिसेकंदांहून जास्त. रांग तुंबली की पॅकेट गळायची, एसआरटी (चित्र-आवाज पाठवायचा प्रोटोकॉल) ती पुन्हा पाठवायचं, आणि तीही त्याच रांगेच्या शेपटाला. त्याची लेटन्सी, म्हणजे उशिरा येणाऱ्या पॅकेटची वाट बघायची मुदत, मूळच्या 120 मिलिसेकंदांवर होती, तेवढ्यात ती पोचणार कशी? 500 केली, तुटणं कमी झालं, थांबलं नाही.

केकचाही यात इलाज नव्हता. घरातल्या दुसऱ्या फोनच्या डाउनलोडपासून तो उत्तम वाचवतो, पण आवाज आणि चित्र एकाच एमपीईजी-टीएस गाठोड्यात, एकाच प्रवाहात. आवाज चित्रामागेच अडकणार.

व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरचा बफसाइझ (बफरचा आकार) 2000के, म्हणजे 2000 केबिट, ठेवला होता, म्हणजे एन्कोडरला 2 सेकंदांचा डेटा एकदम उधळायची मुभा मीच दिलेली. तो 250के केला. सुळके गेले, पण दर 2 सेकंदांनी बुवांचा चेहरा धूसर व्हायला लागला. मग एक्स264 या एन्कोडरचं इंट्रा-रिफ्रेश चालू केलं: कीफ्रेमचं ओझं उभ्या पट्ट्यांनी सगळ्या फ्रेमवर वाटलं जातं. आलेख जवळजवळ सपाट झाला. तो बघताना झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही. किंमत एवढीच की पूर्ण कीफ्रेम नसल्याने भाड्याच्या सर्व्हरवर एचएलएसचे (प्रेक्षकांपर्यंत व्हिडिओ तुकड्यांत पोचवायची पद्धत) तुकडे पाडायला परत एन्कोड करावं लागतं.

ओपनडब्ल्यूआरटीशिवाय अशा जोडणीवर लाइव्ह करू नका, हे माझं ठाम मत. दुकानदाराने गळ्यात मारलेल्या 'गेमिंग' राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुठल्या डेटाला आधी वाट द्यायची ती सोय) वेगाची मर्यादा नीट बांधताच येत नव्हती.

आता दुसरं सिम घेऊन दोन जोडण्या एकत्र करायचा बेत होता, पण हे लिहितानाच सुचलं: आवाज ओपस या ऑडिओ फॉरमॅटमध्ये 64 केबीपीएसवर वेगळ्या एसआरटीने पाठवला, त्यावर ईएफची (तातडीच्या पॅकेटची) खूण लावली आणि केक डिफसर्व्ह4 वर (खुणेप्रमाणे चार प्राधान्यगट पाडणाऱ्या रीतीवर) नेला, तर चित्र अडलं तरी अभंग सलग राहील. ओठ आणि आवाज जुळवणं हा तिढा उरतोच. सिमचं नंतर बघू. आज जागर आहे, संध्याकाळच्या हरिपाठाला चाचणी घेतो.