तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेंटनच्या बातम्या मी रेडिओवर का ऐकते

न्यू जर्सीतली आपली मंडळी भेटली की हा प्रश्न येतोच, "तू त्या पब्लिक रेडिओला दरवर्षी पैसे का देतेस, आणि स्टेटचं राजकारण ऐकून आपल्याला करायचंय काय?" बोलता बोलता उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आधी करायचंय काय ते सांगते. ज्या प्रॉपर्टी टॅक्सवरून आपण प्रत्येक पार्टीत कुरकुरतो (2024 मधे राज्यातलं सरासरी बिल पहिल्यांदाच 10,000 डॉलर्सच्या वर गेलं), त्यातली सवलत कुणाला मिळणार, मुलांच्या शाळेला राज्याकडून किती पैसे येणार, एनजे ट्रान्झिटच्या बस-ट्रेनचं काय होणार, हे वॉशिंग्टनमधे नाही, आपल्या राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला ठरतं. 40 सिनेटर, 80 असेंब्ली मेंबर आणि एक गव्हर्नर. आपल्या डिस्ट्रिक्टचा सिनेटर कोण हे सिटिझन होऊन मत देणाऱ्यांनाही चटकन सांगता येत नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही, कारण आपलं राज्य न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मधे सापडलंय, टीव्ही लावला तर राज्याच्या वरच्या भागात न्यूयॉर्कच्या बातम्या, खालच्या भागात फिलाडेल्फियाच्या, मग ट्रेंटनचं कळणार कुठून?

पूर्वी राज्याचं स्वतःचं पब्लिक नेटवर्क होतं, एनजेएन. 2011 मधे ख्रिस क्रिस्टी गव्हर्नर असताना सरकारने त्यातून अंग काढून घेतलं आणि रेडिओच्या नऊ फ्रीक्वेन्सी विकल्या, चार न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या पब्लिक स्टेशनला, पाच फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूएचवायवायला. सरकारने न्यूज चालवू नये हे म्हणणं मला पटतंसुद्धा, ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडूनच पगार घ्यायचा हे अवघडच आहे. पण म्हणून आपल्या राज्याचा रेडिओ शेजारच्या दोन शहरांना देऊन टाकायचा हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

2025 तर फारच वाईट गेलं. फेब्रुवारीत स्टार-लेजर या वर्तमानपत्राची छापील आवृत्ती बंद, जर्सी जर्नल हा पेपर तर पूर्णच बंद. जुलैत काँग्रेसने पब्लिक ब्रॉडकास्टिंगचे दोन वर्षांचे सुमारे 1.1 अब्ज डॉलर्स काढून घेतले. सप्टेंबरमधे एनजे पीबीएस हे राज्याचं पब्लिक टीव्ही चॅनल चालवणाऱ्या न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटीने जाहीर केलं की 2026 च्या जूननंतर आम्ही हे चालवणार नाही. म्हणजे स्टेट हाऊसमधे, विधिमंडळाच्या इमारतीत, बसून ऐकणारे पत्रकार आणखी कमी. मी पैसे देते ते यासाठी.

आता रेडिओच का. मला काउंटी लाइनची भानगड रेडिओवर ऐकून समजली. प्रायमरीच्या, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, मतपत्रिकेवर पार्टीने निवडलेले सगळे उमेदवार एका रांगेत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, ही पद्धत 21 पैकी 19 काउंटींमधे होती. यूएस सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले आणि 2024 च्या मार्चमधे फेडरल जजने डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीपुरती ती थांबवली. वाचताना हे इतकं रुक्ष वाटतं की माणूस दुसऱ्या पॅराग्राफला सोडून देतो, पण कुणीतरी शांतपणे समजावून सांगतंय, मधे वकील बोलतोय, मधे काउंटी क्लार्क बोलतोय, असं ऐकलं की डोक्यात बसतं. तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांना लोक फोन करून प्रश्न विचारायचे तो कार्यक्रमही मला आवडायचा, समोरून सामान्य माणूस विचारतो तेव्हा उत्तर देणाऱ्याला नुसती भाषणबाजी करता येत नाही.

आणि तक्रारही आहे, ती लपवणार नाही. मी ऐकते ते स्टेशन निवडणूक आली की रोज पोल सांगतं, कोण पुढे, कोण मागे, कुणी किती खर्च केला. 2025 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत, शेरिल आणि चिआतारेली यांच्या वेळीही तेच झालं. निवडणूक झाली की ट्रेंटन गायब. खरी कामं तर त्यानंतर होतात ना! ओप्रा कायद्याचंच घ्या, सरकारी कागदपत्रं मागण्याचा आपला हक्क. 2024 च्या मार्चमधे बदलाचं बिल घाईघाईने कमिटीत आलं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर जरा थांबलं, मेमधे पास झालं, जूनमधे सही झाली. आता सरकारने कागद नाकारले आणि तुम्ही कोर्टात जाऊन जिंकलात तरी वकिलाची फी मिळेलच असं नाही, आधी मिळायची. यावर एक पॅनल चर्चा मला पुरत नाही, कोणत्या कमिटीत कोण काय बोललं आणि कुणी कसं मत दिलं ते ऐकायचंय. बजेटचंही तसंच. 2025 च्या जूनमधे पास झालेलं बजेट जवळजवळ 59 अब्ज डॉलर्सचं, आणि सगळी घाई जूनच्या शेवटच्या दिवसांत, कारण 1 जुलैला राज्याचं नवं आर्थिक वर्ष सुरू. त्या दिवसांत तरी रोज अर्धा तास ट्रेंटनला द्या, एवढंच माझं मागणं आहे.

तेव्हा तुम्हाला पैसे द्यायचे असतील तर द्या, पण सोबत स्टेशनला दोन ओळीही लिहा की हे ट्रेंटनमधल्या रिपोर्टरसाठी आहेत, मी दरवेळी लिहिते. पैसे द्यायचे नसतील तरी कमिटीच्या सुनावण्या विधिमंडळाच्या वेबसाइटवर लाइव्ह असतात, त्या फुकट ऐकता येतात. शाळांच्या पैशाचा विषय ज्या दिवशी असेल त्या दिवसापासून सुरुवात करा, तो आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे.