पाण्याखाली काहीही नसलेली होडी

साध्या मोटरबोटीचा पंखा पाण्याखाली फिरतो, त्यामुळे उथळ पाणी आणि पाणवनस्पती या दोन्हींपुढे ती हतबल होते. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये ओकीचोबी सरोवराच्या बाजूने दक्षिणेकडे संथपणे सरकणारे पाणी कित्येक ठिकाणी जेमतेम गुडघाभर असते आणि त्यातून करवतीसारख्या कडांचे उंच गवत दाटीने वाढते. अशा ठिकाणी एअरबोट लागते. तिचा तळ सपाट असतो, विमानाच्या धर्तीचा पंखा मागच्या बाजूला जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेला असतो आणि तो फिरवायला विमानाचे किंवा मोटारीचे इंजिन वापरतात. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूने 1905 साली कॅनडातील नोव्हा स्कॉशियात विमानाचे पंखे तपासण्यासाठी अशी एक नौका बांधली होती.

मी तिथे एअरबोटीत बसलो, तेव्हा माझे सारे लक्ष चालकाकडे होते. गवतापलीकडचे दिसावे म्हणून त्याचे आसन उंचावर असते; डाव्या हाताशी सुकाणूचा दांडा आणि उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर. ब्रेक नसतो. सुकाणू पंख्याच्या झोतातच काम करते, त्यामुळे वेग कमी केला की होडी वळेनाशी होते. मोटार चालवणारा ज्या वळणावर पाय काढून घेईल, नेमक्या तिथेच या चालकाने इंजिनाचा जोर वाढवला आणि होडी तिरकी घसरत वळली. हे कसब सरावानेच येते, म्हणून प्रवासी नेणाऱ्या चालकांना फ्लोरिडाने प्रशिक्षण सक्तीचे केले, ते मला अत्यंत आवश्यक वाटते.

या होडीचे खरे मोल 29 डिसेंबर 1972 च्या रात्री दिसले. ईस्टर्न एअरलाइन्सचे 401 क्रमांकाचे विमान मायामीजवळ याच दलदलीत कोसळले, तेव्हा बेडूक पकडायला निघालेले बड मार्क्विस आपली एअरबोट घेऊन सर्वांत आधी तिथे पोहोचले. पाण्यावर विमानाचे इंधन पसरलेले होते, त्याने स्वतः भाजले असतानाही ते जखमींना पाण्याबाहेर काढत राहिले आणि हेलिकॉप्टरांना जागा कळावी म्हणून डोक्यावरच्या दिव्याने इशारे देत राहिले. त्या अपघातातून 75 जण वाचले. पुढे 2005 साली कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या बुडालेल्या रस्त्यांवरही एअरबोटींनी लोकांना बाहेर काढले.

तिचा मोठा दोष म्हणजे आवाज. कानांवर संरक्षक लावूनही तो छातीत जाणवतो, आणि होडी जवळ येताच बगळे उडून जाताना मी पाहिले. 1989 साली राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झालेल्या पूर्वेकडील भागात खासगी एअरबोटींची परवानगी त्या वेळच्या पात्र वापरकर्त्यांच्या हयातीपुरतीच ठेवली आहे. पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात वावरणाऱ्या कुटुंबांना ते जाचक वाटणे स्वाभाविक आहे, तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो. बचावपथकांकडे आणि उद्यानाच्या रक्षकांकडे मात्र एअरबोट असलीच पाहिजे.