आयोवात चौथा, तरी उमेदवार

सांगलीकराला तिकिटाचं राजकारण शिकवायला नको. 2024 ला आघाडीत लोकसभेची जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडूनही आले. त्यामुळे अमेरिकेत पक्षाचा उमेदवार लोकच मतं देऊन ठरवतात म्हटलं, की आमच्या विश्रामबागच्या कट्ट्यावरचे आण्णा ताडकन विचारतात, "मग एबी फॉर्म कोण देतं?"

त्यांना मी 2020 ची अध्यक्षपदाची उमेदवारी सांगतो. तिथे राज्यं एकामागून एक मतदान करतात आणि मतांनुसार उमेदवारांना प्रतिनिधी मिळतात; हे प्रतिनिधीच पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात. डेमोक्रॅटिक पक्षात बायडन पहिल्याच दोन राज्यांत मागे: आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरात पाचवे. नुसत्या हिशेबाने यात काही बिघडलं नव्हतं. बहुमताला 1,991 प्रतिनिधी लागत होते, आयोवाकडे होते जेमतेम 41. पण पहिल्या निकालांची खरी किंमत प्रतिनिधींत नसतेच. देणगीदार हात आखडता घेतात, चॅनेलवाले दुसऱ्याच्या मागे धावतात. त्यात 15 टक्के मतांखाली गेलात तर प्रतिनिधींच्या बाबतीत बहुधा हाती भोपळा.

मग आलं साउथ कॅरोलायना, 29 फेब्रुवारी. तीनच दिवस आधी तिथले वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला आणि बायडन यांनी जवळपास निम्मी मतं नेली. आयोवात सर्वाधिक प्रतिनिधी मिळवलेले बुटिजेज दुसऱ्याच दिवशी मैदानाबाहेर, पाठोपाठ क्लोबुशार. दोघांनी बायडनना पाठिंबाही देऊन टाकला. 3 मार्चला मतदान झालेल्या 14 पैकी 10 राज्यं बायडन यांच्या खिशात. (बायडन यांचे प्रतिस्पर्धी सँडर्स यांचे समर्थक अजून यावरून दात-ओठ खातात.)

2024 साठी पक्षाने सर्वात आधी मतदान करायचा मान साउथ कॅरोलायनालाच दिला. न्यू हॅम्पशायर मात्र ऐकेना. त्यांनी आधीच मतदान उरकलं, आणि मतपत्रिकेवर नाव नसलेले बायडन तिथे लोकांनी हाताने नाव लिहून जिंकवले.