सेल उतरले नव्हते

१९९६ च्या पावसाळ्यात माझ्या हातात टीडीकेची नव्वद मिनिटांची एक कॅसेट आली. गल्लीतला एक दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, सुट्टीला आला की तो पिशवीतनं कायतरी नवीन काढायचा. कॅसेटवर बॉलपेननं बँडचं नाव लिहिलेलं, ब्लॅक सॅबाथ, आणि दोन आकडे. ए बाजूला ७०, बी बाजूला ७१. गाण्यांची नावं नाहीत, फोटो नाही, शब्दांचा कागद नाही. मी बारावीत होतो. माझं इंग्रजी धड्यातलं, त्यामुळं गाणारा काय म्हणतोय ते दहादा ऐकूनही कळत नव्हतं.

बी बाजू लावली आणि वाटलं, टेपचे सेल उतरले. गिटार इतकी जड, इतकी खाली. सेल उतरले की भावगीतही असंच घसरत जातं, ते माहीत होतं. कोपऱ्यावरनं चार नवे सेल आणून घातले. आवाज तसाच! मग लक्ष देऊन ऐकलं तर गाणाऱ्याचा गळा चांगला वर, ताणलेला होता. म्हणजे टेप बरोबर चालली होती, वाद्यच कुणीतरी उतरवून लावलं होतं. कुणी आणि कशासाठी, हे कळायला मला पाच वर्षं लागली.

त्या काळात कोल्हापुरात असलं जड गिटारचं संगीत, म्हणजे हेवी मेटल, शोधायचं म्हणजे माणसं शोधायची. महाद्वार रोडच्या कॅसेटच्या दुकानात नाट्यगीतं, लावण्या, अंबाबाईची गाणी, हिंदी सिनेमा असं सगळं हारीनं लावलेलं असायचं, आणि इंग्रजीचा एक खण, त्यात नाचायची गाणी. त्यामुळं कुणाचा भाऊ पुण्याला, कुणाची आत्या मुंबईत, कोण कधी परत येणार याची आम्ही चारपाच जण खबर ठेवायचो. एक कॅसेट आली की ती आठवडाभर फिरायची. ज्याच्याकडं डबल डेक होता त्याच्या घरी कोऱ्या कॅसेटी घेऊन जायचं आणि भरून होईस्तोवर गप्प बसून ऐकायचं. ते गप्प बसणं फार महत्त्वाचं होतं असं मला अजून वाटतं. आवडो न आवडो, पंचेचाळीस मिनिटं उठायचं नाही.

मला मात्र आवडायला वेळ लागला नाही. दादा म्हणायचा, पहिल्यांदा गोंगाट वाटतो, कान तयार व्हावा लागतो. माझा कान शिवाजी उद्यमनगरानं आधीच तयार केला होता. आमचं वर्कशॉप तिथं आहे, वडिलांनी काढलेलं. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल. शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकून कापणारी पॉवर प्रेस. ज्यांनी प्रेस जवळून ऐकलेली नाही त्यांना सांगतो, तिचा ठोका आधी जमिनीतून तळपायाला लागतो आणि मग कानाला. शाळेतून आल्यावर मी तिथंच खोक्यावर बसून अभ्यास करायचो. ठोका, पत्रा सरकल्याची खरखर, पुन्हा ठोका. सॅबाथची गिटार आणि ड्रम एकदम पडतात तेव्हा मला कुठं नवीन ठिकाणी आल्यासारखं वाटलंच नाही.

आई म्हणायची, "भांडी पडल्यागत काय लावलंयस ते?" वडिलांनी दोनतीन दिवस काहीच म्हटलं नाही. मग एका रात्री जेवता जेवता म्हणाले, "दिवसभर तेच ऐकतो बाबा. घरात तरी नको." त्यांनाही ते ओळखीचं वाटलं होतं, हे मला फार नंतर उमगलं.

घरात ते ऐकून थांबलेला एकच माणूस, तात्या. वडिलांचे धाकटे भाऊ. मंगळवार पेठेतल्या भजनी मंडळात ते पेटी वाजवायचे आणि देवल क्लबात गाणं असलं की मागं भिंतीला टेकून बसायचे. १९८८ साली एका प्रेस शॉपमध्ये पत्रा सारताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली, मधलं आणि अनामिका. पेरं गेली. त्यानंतर पेटी खोळ घालून माळ्यावर गेली. थंडीत बोटं ठणकायची, बारक्या वस्तू हातातनं सुटायच्या, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

त्या संध्याकाळी मी ए बाजू लावली होती. सुरुवातीला पाऊस पडतो, गडगडतं, लांब कुठंतरी घंटा वाजते. बाहेर आमचा खरा पाऊस चाललाच होता. मग गिटारचे तीन सूर येतात, अगदी सावकाश. तात्या चहाचा कप घेऊन दारात थांबले. म्हणाले, "मागं घे. परत लाव." तीनदा ऐकलं. मग डाव्या हाताची बोटं मांडीवर दाबत म्हणाले, "सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. तिथंच थरथरतोय बघ." त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, बँडचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पण त्या गाण्याचं मर्म त्यांनी तीन फेऱ्यांत काढून माझ्या हातात दिलं.

पुढं वाचनात आलं की युरोपात सा ते तीव्र मध्यम या अंतराला जुन्या काळापासून सैतानाचा सूर म्हणत आलेत आणि या बँडच्या भयाण वातावरणाचं श्रेय त्यालाच देतात. ते तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "सैतान कसला त्यात? दिवेलागणीचा सूर हाय तो." मारवा, पूरिया, श्री, सगळीकडं तो आहे, आणि हे सगळे संध्याकाळचे राग. तेव्हापासून मी तो अल्बम शक्यतो सातच्या सुमाराला ऐकतो. (याच ओघात एक सांगून ठेवतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोनेरी तबकडी गेली, तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे. केसरबाई म्हणजे आमच्या शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. तात्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन वेळा विचारलं, "एकाच तबकडीवर?")

२००१ मध्ये राजारामपुरीत एका इंटरनेट कॅफेत तासाचे पैसे भरून मी या बँडबद्दल वाचत बसलो होतो. पान सावकाश उघडत होतं. टोनी आयोमी, गिटारवादक, गाव बर्मिंगहॅम, म्हणजे इंग्लंडातलं ओतकामाचं, पत्र्याचं, मोटारींच्या सुट्या भागांचं शहर. गायक ऑझी ऑस्बर्न हा तर काही काळ मोटारीचे हॉर्न ट्यून करायच्या कामावर होता. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला प्रेसवर उभं केलं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. परत गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. मधलं आणि अनामिका. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा.

मी तिथंच थांबलो. पुढचं वाचायला मला शेजारच्या मुलाला हलवून उठायला लावून, पाणी पिऊन परत यावं लागलं.

पुढचं असं की त्याच्या कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत हात भाजल्यावर जँगो दोन बोटांवर गिटार वाजवायचा. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या केल्या, कानशीनं घासून बोटांवर बसवल्या आणि तार सटकू नये म्हणून वर जुन्या जाकिटाचं कातडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या. आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात काही गाण्यांना गिटार तीन अर्धसूर खाली उतरवली, तारा सैल पडून बोटांना सोसाव्यात म्हणून.

माझी बी बाजू. सेल उतरले नव्हते. एका प्रेसवाल्याची बोटं दुखत होती.

रात्री तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ना हळहळ केली ना कौतुक. विचारलं, "टोप्या कशाच्या म्हणलास? आतनं केवढ्या पोकळ?" दुसऱ्या दिवशी मी नायलॉनच्या रॉडमधनं दोन टोप्या लेथवर काढल्या, आतनं बोर मारून, धार मोडून. पहिल्या जोडीचा पट्ट्यांवर टकटक आवाज यायचा. चप्पल लाईनमधनं कातड्याचे दोन तुकडे आणून चिकटवले तेव्हा आवाज मेला. तात्यांनी माळ्यावरची पेटी काढायला लावली, भाता फाटला होता तो दुरुस्त करून घेतला. आठदहा दिवस संध्याकाळी थोडं वाजवलं. भजनाला काही ते परत गेले नाहीत. टोप्या डबीत घालून फळीवर ठेवल्या आणि मी समजलो, संपलं.

मधली वर्षं भराभर गेली. २००७ च्या मार्चमध्ये आम्ही तिघं राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळुरूला आयर्न मेडन हा मेटल बँड ऐकायला गेलो. हजारो माणसं एकच ओळ एका सुरात गाताना पहिल्यांदा ऐकली आणि मला आषाढीच्या दिंडीची आठवण झाली. कॅसेटी गेल्या, एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, त्याही गेल्या.

आता माझी मुलगी दहावीत आहे. तिला गाणं वीस सेकंदांच्या तुकड्यातनं भेटतं. तुकडा आवडला की तासाभरात तिच्याकडं त्या बँडचे सगळे अल्बम असतात. मला याचं वाईट वाटायचं, आमचं ते गप्प बसणं यांच्या वाट्याला नाही म्हणून. पण ती शब्द वाचते. मी ज्या गाण्यावर वर्षानुवर्षं जीव टाकला, सॅबाथच्या दुसऱ्या अल्बममधलं पहिलं, ते युद्ध पेटवून स्वतः मागं राहणाऱ्या सेनापतींवर आणि पुढाऱ्यांवर आहे, हे तिनं मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. ती दिल्लीच्या ब्लडीवूड बँडचं ऐकते, गिटारच्या बरोबरीनं ढोल. म्हणते, "बाबा, याच्यात आपली हलगी घुमकं घातलं पाहिजे." मला ते पटतं. कुस्तीच्या मैदानावर हलगी तापवून कडकडायला लागली की अंगात जे होतं, ते मला दुसरीकडं फक्त या संगीतात सापडलं आहे.

गेल्या वर्षी, ५ जुलै २०२५ ला, सॅबाथच्या मूळच्या चौघांनी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचं वाजवलं. त्यानंतर सतराच दिवसांनी ऑझी गेला. बातमी आली त्या दिवशी वर्कशॉपमधनं लवकर घरी आलो. तात्या आता पंचाहत्तरीला टेकलेत. मुलीनं त्यांच्यासमोर मोबाइल धरला. ऑझी खुर्चीत बसून गात होता, त्याच्याकडं तात्यांनी बघितलंही नाही. "ते हातावर कर, मोठं कर," म्हणाले. सत्त्याहत्तर वर्षांचा आयोमी, काळे कपडे, उजव्या हाताच्या दोन बोटांवर टोप्या.

"अजून घालतोय व्हय," एवढंच बोलले.

मग उठून आत गेले, फळीवरची डबी घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडली. एका टोपीचं कातडं झिजून पार गेलं होतं, खालचं नायलॉन घासून गुळगुळीत झालं होतं. दुसरीचं कडेला तेवढं उरलं होतं.

"दोन्हीला नवं बसव," म्हणाले. "जरा जाड आण."