मुक्या जी-एचच्या जागी आपला ह

माझी भाची सहावीत आहे आणि तिच्या वहीत इंग्रजी शब्दांसमोर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले असतात. पाचवीत इंग्रजी सुरू झाल्यावर आम्हीही असेच करत होतो. मागच्या आठवड्यात तिने एक पान माझ्यापुढे धरले. डाव्या बाजूच्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे त्याच क्रमाने होती आणि उजव्या बाजूला दो, थ्रू, टफ, कॉफ, बाउ असे उच्चार होते. नुसती उजवी बाजू वाचणाऱ्याला हे शब्द एका साच्यातले आहेत, अशी शंकाही आली नसती. तिचा प्रश्न मात्र अर्थाचा नव्हता. "मावशी, हे जी-एच बोलायचेच नसेल तर लिहायचे कशाला?"

इंग्रजी लेखन वेडेवाकडे आहे, पाठ करून टाक, हे उत्तर आमच्या पिढीला मिळाले होते आणि ते चुकीचे आहे. ही दोन अक्षरे एके काळी बोलली जात होती. घशातून घासत येणारा, साधारण आपल्या ख आणि ह यांच्या मधला तो आवाज होता. स्कॉटलंडमधले लोक सरोवराला 'लॉख' म्हणतात, त्यात तो आजही ऐकू येतो. जुन्या इंग्रजीत तो बहुधा एकट्या एचने किंवा जीने लिहिला जाई. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्याच्यासाठी हळूहळू जी-एच ही जोडी रूढ केली. पुढे हा आवाज दक्षिण इंग्लंडच्या बोलींतून नाहीसा होऊ लागला, कुठे पूर्ण गळाला, तर कुठे त्याचा फ झाला. त्याच सुमारास, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि छपाईमुळे लेखन गोठत गेले, बोलणे मात्र थांबले नाही. प्रमाण भाषेने एक शब्द या बोलीचा तर दुसरा त्या बोलीचा उचलला, म्हणून 'चिवट' या अर्थाच्या टफमध्ये फ आला आणि 'जरी' या अर्थाच्या दोमध्ये काहीच उरले नाही. एकाच शब्दाची दोन्ही रूपे टिकल्याचेही उदाहरण आहे. मळलेल्या कणकेला इंग्रजीत डो म्हणतात, आणि उत्तरेकडच्या बोलीत त्याच शब्दाचा 'डफ' झाला, जो तिथल्या एका उकडलेल्या गोड पदार्थाच्या नावात शिल्लक आहे.

याच डोपाशी मी भाचीला थांबवले, कारण खरी गंमत इथे आहे. या शब्दाचे मूळ ज्या प्राचीन धातूत आहे, त्याचा अर्थ मळणे, लिंपणे, मातीला आकार देणे असा होता. संस्कृतात तोच धातू 'दिह्' म्हणून आला, आणि त्यापासून आपला 'देह' झाला. म्हणजे परातीतला कणकेचा गोळा आणि आपले शरीर हे भाषेच्या हिशेबाने भावंडे आहेत. आता दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहावेत. इंग्रजीत जिथे न बोलले जाणारे जी-एच लिहिले जाते, नेमक्या त्याच जागी आपण ह उच्चारतो. (ओघात सांगायचे तर 'लेडी' या शब्दाच्या उत्तरार्धातही हाच धातू आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पावाचे पीठ मळणारी असा होता.)

हा योगायोग असेल, असे वाटत असेल तर बाउ घ्या. बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी. जुन्या इंग्रजीत मात्र या शब्दाचा अर्थ खांदा, हात असाही होता आणि त्याचा संस्कृत भाऊबंद आहे 'बाहु'. इथेही जी-एचच्या जागी ह आहे, आणि बाउ व बाहू असे उच्चार तर एक अक्षर गाळल्यासारखे वाटतात. तिसरा साक्षीदार या कुटुंबाच्या थोडा बाहेरचा आहे, कारण त्यात ओऐवजी ए येतो. तो म्हणजे मुलगी या अर्थाचा 'डॉटर', आणि आपल्याकडे 'दुहिता'. पुन्हा तीच जागा, तोच ह. सर्वच शब्दांना हा नियम लागू होत नाही. जनावरांच्या द्रोणीला म्हणतात तो 'ट्रॉफ' देवदारमधल्या 'दारु'चा, म्हणजे लाकडाचा, नातेवाईक आहे, पण त्याचे जी-एच निराळ्या वाटेने आले. थॉट, बॉट, ब्रॉट, सॉट ही भूतकाळी रूपे तर वेगळेच प्रकरण आहे.

अमेरिकेत १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सुधारून छापण्याचा आदेश दिला होता, आणि त्यांत दो व थ्रू यांची जी-एच कापलेली होती. काँग्रेसने विरोध केला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. शिकागो ट्रिब्यूनने मात्र १९३४ पासून १९७५ पर्यंत अशी लहान रूपे चालवली. मला स्वतःला ही कापाकापी पटत नाही, कारण तिच्यात नातीच पुसली जातात. शिवाय आपण फार हसण्याच्या जागी नाही. 'जग' एवढेच लिहिले, तर ते विश्व आहे की जगण्याची आज्ञा, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही, कारण ज एकच आणि उच्चार दोन आहेत.

एका शब्दावर मात्र सुधारकांचे म्हणणे मान्य करायला हवे. उचकीला इंग्रजीत हिकप म्हणतात आणि तो शब्द उचकीच्या आवाजावरूनच आलेला आहे. उचकी म्हणजे खोकल्याचाच काही प्रकार असावा, अशा समजुतीने सतराव्या शतकात कोणीतरी त्याच्या शेवटी खोकल्याचे, म्हणजे कॉफचे, स्पेलिंग जोडले, आणि ते रूप आजही अधूनमधून छापलेले दिसते. त्या जी-एचमध्ये कधीच कोणता आवाज नव्हता. भाचीच्या वहीत तोही शब्द होता. तिने त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिले, 'खोटा'.